गुरुवारचं काम

टिंबर मार्केटच्या मागे माझं दुकान.
सहा दिवस करवती ओरडत असतात,
म्हणून कानाची कामं मी गुरुवारसाठी ठेवतो,
वीज गेल्यावर,
जेव्हा भवानी पेठेला स्वतःचा खोकला ऐकू येतो.

रत्नप्रभा ढमढेरे आल्या त्या अशाच एका गुरुवारी.
नायलॉनच्या पिशवीत टॉवेल, टॉवेलात बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर,
परवान्याची झेरॉक्स, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला.
म्हणाल्या, चौकीत जमा करायचंय, आधी नीट करून द्या.
मी म्हटलं, बाई, तिथे ते कपाटात गंजणार,
खर्च कशाला?
त्या म्हणाल्या, कुणाचं भांडं परत करताना
आपण घासून देतो ना?

आधी चरखी बाहेर. सहा भोकांतून
दाराबाहेरचं ऊन सहा वेळा पाहिलं.
मग पुन्हा पाहिलं. सायमनकाका सांगायचे
(खडकीच्या कारखान्यात तीस वर्षं, डावी करंगळी तिथेच राहिली),
रिकामं आहे असं दुसऱ्याने सांगितलं
तर ते भरलेलं समज.

मग घोडा अंगठ्याने हळू मागे,
आणि कान जवळ.
कट्. कट्. कट्. कट्.
पाचव्याला आवाज आला तो अर्धा,
जसं कुणी वाक्य सुरू करून
पाणी प्यायला उठावं.
चरखी केसभर अलीकडेच थांबलेली.

थंडीत जास्त अडतं का?
मार्गशीर्षात हटकून, त्या म्हणाल्या. उन्हाळ्यात बरं असतं.

बाजूच्या झाकणाचे स्क्रू भाजीच्या सुरीने कुरतडलेले.
ते उघडलं, आतून वास आला, आणि मला हसूच आलं:
खोबरेल.
बँकेच्या रोकडगाडीवर सत्तावीस वर्षं बसलेला माणूस
डोक्याला लावायचा तेच याला लावत होता.
थिजून, पिवळं पडून, कमानीच्या कुशीत बसलेलं.
रॉकेल, दात घासायचा ब्रश, जुन्या बनियनची चिंधी.
घाईचा कुणी असता तर पावती इथेच फाडली असती.

पण एक बिघाड दुसऱ्याला पाठीशी घालतो.
पुसलं, जोडलं, ऐकलं.
पाचवा अजून अर्धाच.

पंजा काढला, चरखीला पुढे रेटणारा.
तांदळाएवढं त्याचं टोक भिंगाखाली धरलं,
तर गोल, मुठेतल्या खड्यासारखं गुळगुळीत.
चरखीचा पाचवा दात मुळातच जरा आखूड, कारखान्यातून तसाच आलेला.
पंजा नवा होता तोवर सांभाळून घेत होता,
थकल्यावर उघडा पडला.
धातू घासून कमी करता येतो, घासून वाढवता येत नाही.
हातोडीचे दोन हलके ठोके, टोक रेसभर लांबलं.
मग दगडावर तीन फेरे.
चौथा फेरा म्हणजे मोह.

कट्. सहाही पुरे.

सवयीने नळीत डोकावलो.
आतले आटे कोरे करकरीत, काल कापल्यासारखे.
यातून गोळ्या गेल्या असतील तर परीक्षेपुरत्या.
मग पंजा कशाने झिजला?
हिशेब सोपा होता. हजारो वेळा, रिकामं.

मी काही बोललो नाही. चाप ओढून पुन्हा तपासत राहिलो.
हाच, बाई एकदम म्हणाल्या.
हाच आवाज. रात्री गॅलरीतून यायचा.
मला वाटायचं, सुपारी कातरतायत.

पिशवीची घडी घातली, उलगडली.

सुपारी खात नव्हते ते.

वीज आली. शेजारची पहिली करवत
सागवानात शिरली, आणि बरं झालं.
मी रजिस्टर ओढलं. तारीख, परवाना क्रमांक.
बिघाड: चरखी अडते. काम: साफसफाई, पंजा.
कारणाच्या रकान्यात पेन जरा थांबलं,
मग मी लिहिलं,
खोबरेल तेल.